लोकर बदलली की टोपी मापात बसत नाही? उसवायच्या आधी हे बघा

मी बीनी टोप्या, म्हणजे डोक्याला ताणून बसणाऱ्या साध्या विणलेल्या टोप्या, भरपूर विणल्यात, पण खरं सांगायचं तर विणल्या त्यापेक्षा दुरुस्त जास्त केल्यात. कोणीतरी पिशवीतून टोपी काढतं आणि म्हणतं, "अगं मागची टोपी एकदम फिट झाली होती, हीपण तशीच विणली, फक्त लोकर वेगळी घेतली, आणि बघ काय झालंय." आता मी न बघताच ओळखते की घोटाळा त्या "फक्त"मध्ये आहे. दर वेळी तोच प्रॉब्लेम आणि तीच पाच-सहा कारणं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. सोप्या आणि फुकटातल्या गोष्टी आधी, सुया-कात्री लागणारं काम शेवटी. हा क्रम मोडू नका, कारण मी स्वतः तीन वेळा अख्खी टोपी उसवून मग कळलंय की उसवायची गरजच नव्हती.

आधी लक्षणं बघा, तुमची टोपी यातली कुठली?

टोपी घातली की भुवयांवर थांबत नाही, डोळ्यावर येते, मान हलवली की फिरते. म्हणजे घेर मोठा.

घालताना जोर लावावा लागतो, कपाळावर लाल रेघ उठते, आणि सोडली की हळूहळू वर सरकत डोक्यावरून निघते. म्हणजे घेर लहान. पण इथे थांबा, बरेचदा अख्खी टोपी लहान नसते, फक्त खालची कड आवळलेली असते. दोन्हीचे उपाय अगदी वेगळे आहेत.

विणून झाली तेव्हा मस्त होती, एकदा धुतली आणि सैल पडली. किंवा उलट, धुतल्यावर आखडून जाड झाली.

अंग, म्हणजे बॉर्डर आणि टोकाच्या मधला भाग, बरोबर पण बॉर्डर लोंबते, कानाजवळ फुलासारखी बाहेर वळते.

घेर बरोबर पण उंची चुकली. कान उघडे, नाहीतर वर रिकामी पिशवी. आणि टोकाला एकतर शंकू झालाय, नाहीतर बटव्यासारख्या चुण्या पडल्यात.

एकाच टोपीत दोन लक्षणं असू शकतात. कागदावर लिहून घ्या कुठली ते, पुढे लागेल.

टेप घ्या, डोकं आणि टोपी दोन्ही मोजा

हे दोन मिनिटांचं काम कोणीच करत नाही. डोकं अंदाजे धरतात, टोपी डोळ्याने बघतात. टेप भुवयांच्या किंचित वरून, कानांच्या वरून आणि मागे डोकं जिथे सगळ्यात फुगीर असतं तिथून फिरवायची. मोठ्या माणसाचं डोकं साधारण ५४ ते ५८ सेमी भरतं. केस बांधून टोपी घालणार असाल तर केस बांधूनच मोजा.

आता टोपी सपाट ठेवा, न ताणता रुंदी मोजा आणि दुप्पट करा. रुंदी बॉर्डरवर नाही, अंगावर मोजायची. बीनी डोक्यापेक्षा लहानच असावी लागते, ५६ सेमीच्या डोक्याला ५० सेमीच्या आसपास, म्हणजे साधारण दहा टक्के कमी, कारण ती ताणून बसते आणि त्या ताणावरच टिकते. खूप जणी डोक्याएवढीच टोपी विणतात आणि मग सैल होते म्हणून लोकरीला दोष देतात. तुमची टोपी ५६ भरली तर तुमच्या हाताचा काही दोष नाही, गणित सुरुवातीलाच चुकलंय.

आणि ५० भरत असूनही बसत नसेल तर घेर सोडा, सरळ खाली कडेचं वाचा.

लेबल आणि सुईचा नंबर

हेही फुकट. लोकरीचं लेबल फेकलं नसेल तर काढा. त्यावर चौकोनात लिहिलेलं असतं, १० सेमीत किती टाके, किती ओळी आणि कुठली सुई. साध्या सुलट विणीत आकडे साधारण असे असतात (नावं लोकरीच्या जाडीची, बारीककडून जाडकडे): ४ प्लाय म्हणजे मोज्याच्या जाडीची लोकर १० सेमीत २७ ते ३२ टाके, डीके २१ ते २४, वर्स्टेड १६ ते २०, बल्की किंवा चंकी १२ ते १५, सुपर बल्की ७ ते ११.

प्लाय या शब्दाने खूप फसवाफसवी होते. लेबलवर '४ प्लाय' असेल तर कधी ते जाडीचं नाव असतं आणि कधी नुसतं एवढंच की चार पदर पिळून ही लोकर केली आहे. चार पदर जाड असले तर ती वर्स्टेडपण असू शकते आणि एकपदरी लोकर सुपर बल्की असू शकते. म्हणून प्लाय वाचू नका, टाक्यांचा आकडा वाचा. लेबल नसेल तर जुनी आणि नवी लोकर शेजारीशेजारी एका पेन्सिलीवर गुंडाळा, वेढे एकमेकांना टेकलेले पण दाबलेले नकोत, आणि तेवढ्याच रुंदीत कुणाचे किती बसतात ते मोजा. मागच्या लोकरीचे दहा आणि नवीचे आठ बसले तर उत्तर मिळालंच की.

बारीक लोकर दोन पदरी घेऊन जाड लोकरीच्या पॅटर्नवर विणणाऱ्यांसाठी: दोन पदर घेतले की जाडी दुप्पट होत नाही. ४ प्लायचे दोन पदर मिळून डीके आणि वर्स्टेडच्या मध्ये कुठेतरी येतात, बल्की होत नाहीत.

आता सुई. इथे मी स्वतः सपशेल आपटलेय. घरात जुन्या सुया होत्या, पॅटर्नमध्ये ८ नंबर लिहिला होता, सुईवरही ८ होता, मग शंका कशाला घ्यायची? टोपी एवढीशी झाली आणि कापड पुठ्ठ्यासारखं. नंतर कळलं की अमेरिकन ८ म्हणजे ५ मिमी आणि जुना ब्रिटिश ८ म्हणजे ४ मिमी. १० नंबरला तर फरक आणखी मोठा आहे, अमेरिकन १० म्हणजे ६ मिमी, ब्रिटिश १० म्हणजे ३.२५ मिमी, कारण ब्रिटिश नंबर वाढतो तशी सुई बारीक होत जाते. तेव्हापासून मी नंबर बघतच नाही, फक्त मिमी. भोकांची सुई-मापक पट्टी असेल तर सुई तिच्यातून घालून बघा, ज्या सगळ्यात लहान भोकातून सुई न अडकता जाते ते तिचं माप. सुईवर छापलेलं घासून पुसट झालेलं असतं आणि ३ चा ८ दिसतो, हेही झालंय.

टोपीवरच टाके मोजा

नमुन्याचा चौकोन विणला नव्हता ना? मला माहितीये. मीपण कित्येकदा विणत नाही. पण आता तुमच्या हातात अख्खी टोपी आहे, यापेक्षा मोठा नमुना कुठला मिळणार. सपाट ठेवा, अंगावर, बॉर्डर आणि टोक सोडून, १० सेमीच्या दोन टोकांना टाचण्या लावा आणि मधले टाके मोजा. अर्धा टाका आला तर अर्धा लिहा. तीन वेगवेगळ्या जागी मोजा, कारण संध्याकाळी टीव्हीसमोर विणलेला भाग आणि फोनवर भांडताना विणलेला भाग सारखा नसतो.

मग गणित: हवा असलेला घेर सेमीमध्ये, गुणिले १० सेमीतले टाके, भागिले १०. एवढंच. ५० सेमीच्या टोपीला १८ टाक्यांच्या हिशोबाने ९० येतात. दोन सुलट दोन उलट बॉर्डरला ४ ने भाग जावा लागतो आणि टोकाला आठ ठिकाणी टाके कमी करून आठ पाकळ्या करायच्या तर ८ ने, म्हणून ८८. डीकेत २२ टाके बसत असतील तर ११०, घ्या ११२. बल्कीत १४ असतील तर ७०, घ्या ७२. ४ प्लायला २८ ने १४० येतात, १३६ घ्या किंवा १४४, कुणाचं डोकं आहे त्यावर.

सुपर बल्कीला हे आठाचं गणित दगा देतं. १० सेमीत ९ टाके म्हणजे ४५ हवेत, आणि आठाच्या पाढ्यात ४० नाहीतर ४८, म्हणजे ४४ सेमी नाहीतर ५३ सेमी. दोन्ही नकोत. अशा वेळी ४४ टाके घाला, बॉर्डर आणि अंग तसंच विणा, आणि टोकाच्या पहिल्या फेऱ्यात सारख्या अंतरावर चार टाके कमी करून ४० करा, तिथून पुढे आठाने चालू. कोणाच्या बापाला कळत नाही.

आता जे सांगतेय तेच या सगळ्यातलं मुख्य, म्हणून जरा सावकाश वाचा. जाड लोकर नवशिक्यांना सोपी म्हणून देतात, एका संध्याकाळी टोपी होते म्हणून. विणायला सोपी आहेच. पण माप चुकायलाही तीच सगळ्यात सोपी. ४ प्लायच्या १४४ टाक्यांच्या टोपीत १० सेमीत २८ च्या ऐवजी २७ बसले तर घेर ५१ चा ५३ होतो, जेमतेम दोन सेमी, कोणाला कळणारही नाही. सुपर बल्कीत ४४ टाक्यांच्या टोपीत ९ च्या ऐवजी ८ बसले तर ४९ ची ५५ होते. एका टाक्याने सहा सेमी! वर्स्टेड मध्ये कुठेतरी, एका टाक्याला अडीच-तीन सेमी. म्हणजे लोकर जितकी जाड तितका नमुना मोठा हवा आणि मोजणी काटेकोर हवी, आणि आपण करतो नेमकं उलट, बारीक लोकरीला चौकोन विणतो कारण मेहनत वाया जायची भीती असते, आणि जाडीला म्हणतो, एवढीशी तर टोपी.

मी भावासाठी सुपर बल्कीची केली होती. ४८ टाके घातले, मनात धरलं की ९ बसतील, म्हणजे ५३, त्याचं डोकं ५८, बरोबर होईल. दोन संध्याकाळी झाली. त्याने घातली आणि टोपी सरळ नाकावर येऊन थांबली, खालून नुसती मिशी दिसत होती. मोजले तर १० सेमीत ८ टाके. ४८ टाक्यांची टोपी ६० सेमी झाली होती, त्याच्या डोक्यापेक्षाही दोन सेमी मोठी.

चौकोन विणूनही चुकलं असेल तर कारण बहुतेक हे: चौकोन जाऊन-येऊन विणला आणि टोपी गोल सुईवर (तारेने जोडलेल्या दोन टोकांची सुई). सपाट विणताना एक ओळ सुलट एक उलट असते, गोल विणताना नुसतं सुलट, आणि बहुतेकांचा उलट टाका सुलटपेक्षा जरा सैल असतो. म्हणून गोल विणताना टाके जास्त बसतात आणि टोपी लहान होते. नमुना गोलसारखाच विणायचा, म्हणजे ओळ संपली की काम न फिरवता टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवायचे, धागा मागून सैल आणायचा आणि परत सुलटच. मागे धाग्यांचं जाळं दिसेल, दिसू दे.

धुतल्यावर बिघडली का?

मापात विणलेली टोपी धुतल्यावर बदलली तर तुमच्या टाक्यांना हात लावू नका, आधी लोकर कशाची आहे ते बघा.

सुपरवॉश लोकर म्हणजे मशीनमध्ये धुता यावी म्हणून जिच्या तंतूंवरचे खवले काढलेले किंवा वरून लेप देऊन झाकलेले असतात. ते खवलेच एकमेकांना धरून ठेवतात, ते गेले की ओली लोकर पसरते. माझ्या एका मैत्रिणीने अशी टोपी धुऊन नळावर अडकवून ठेवली होती. सकाळी टोपीची अगदी कोपरी झाली होती, पाण्याच्या वजनाने लांब लोंबलेली. अशी टोपी टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढा, पिळू नका, आणि सपाट ठेवून हाताने मापाला आणून वाळवा. लेबलवर ड्रायर चालतो असं लिहिलं असेल तर मंद आचेवर ड्रायरमध्ये ती बऱ्यापैकी परत आखडते, थोडी ओलसर असतानाच बाहेर काढा.

सुती आणि बांबूच्या धाग्याला मुळात ओढच नसते, ताणलं की तसंच राहतं. अल्पाकापण जड आणि लोंबणारी. यांची टोपी पहिल्यापासूनच दोन-तीन सेमी लहान धरायची, आणि बॉर्डरची सुई आणखी बारीक.

ॲक्रिलिक धुण्याने फारसं बदलत नाही, पण त्याला इस्त्री किंवा जोराची वाफ लागली की संपलं. कापड मऊ लुळं पडतं, रिबची, म्हणजे सुलट-उलट टाक्यांच्या बॉर्डरची, स्प्रिंग जाते आणि ती कशानेही परत येत नाही. कोणी म्हणेल वाफ देऊन सेट कर, तर ॲक्रिलिकच्या बॉर्डरला देऊ नका.

आणि साधी शुद्ध लोकर गरम पाण्यात घासून धुतली असेल आणि टाके वेगवेगळे दिसतच नसतील, नुसतं घट्ट नमद्यासारखं झालं असेल, तर ती टोपी गेली. जरा आखडली असेल आणि टाके अजून दिसत असतील तर कोमट पाण्यात भिजवून योग्य मापाच्या वाडग्यावर किंवा फुग्यावर ताणून वाळवा, थोडं माप परत मिळतं.

कड: बहुतेक 'लहान झाली'च्या तक्रारी इथेच संपतात

दोन्ही अंगठे बॉर्डरमध्ये घाला आणि ताणा. बघा आधी काय थांबतं. रिब अजून ताणायला तयार आहे पण खालची कड दोरीसारखी टणक झालीये? मग घेर बरोबर आहे, टाके घालताना हात आवळला होता.

यावर सगळे सांगतात की जाड सुईवर किंवा दोन सुया एकत्र धरून टाके घाला. मीपण आधी तेच सांगायचे, आता सांगत नाही. जाड सुईने टाक्याचा फास मोठा होतो, पण कडेला ताण देतो तो दोन टाक्यांच्या मधला धागा, तो तेवढाच आखूड राहतो. त्यामुळे पहिली ओळ ढगळ दिसते आणि कड तरी आवळलेलीच. त्यापेक्षा सुई नेहमीचीच घ्या आणि प्रत्येक टाका घातल्यावर पुढचा टाका जरा लांब, सुईवर मध्ये बोट ठेवून त्या अंतरावर ओढा. हात दहा-बारा टाक्यांत बसतो.

कड लोंबत असेल, फुलत असेल तर उलट कारण. बॉर्डर आणि अंग एकाच सुईवर विणलंय. रिबसाठी अंगापेक्षा अर्धा ते एक मिमी बारीक सुई घ्यायची, म्हणजे वर्स्टेड अंगाला ५ मिमी तर बॉर्डरला ४ किंवा ४.५. बल्कीला एक मिमी पूर्ण कमी करा, तिथे अर्ध्याने काही होत नाही.

उसवायचं नसेल तर सैल बॉर्डरला सोपा इलाज आहे. बारीक इलॅस्टिकचा धागा मोठ्या भोकाच्या बोथट सुईत ओवून आतल्या बाजूने, रिबच्या उभ्या रेघांमधून तीन-चार फेरे काढा, न ताणता, आणि मग डोक्यावर घालून हवा तेवढा ओढून गाठ मारा. बाहेरून दिसत नाही. किंवा बॉर्डर लांब असेल तर आत दुमडून सैलसर शिवून टाका, दुहेरी झाली की पकड येते आणि कानही जास्त गरम राहतात.

टाके पिळलेले आहेत का ते बघा

हे डोळ्यांनी बघायचं आहे, पण कळायला जरा सवय लागते म्हणून इतकं खाली लिहिलंय. सुलट टाका म्हणजे उघडी व्ही. तिचे दोन पाय खाली एकमेकांवरून गेलेले दिसले, क्रॉस झालेले, तर टाका पिळलेला आहे. पिळलेल्या टाक्यांचं कापड घट्ट होतं, ताणत नाही आणि टोपी लहान वाटते.

गंमत म्हणजे सपाट विणताना यांचं काम अगदी बरोबर असतं. खूप जणी उलट टाक्याला धागा सोप्या बाजूने गुंडाळतात, त्याने टाका सुईवर उलटा बसतो, आणि मग सुलट ओळीला सवयीने त्याच्या मागच्या पायात सुई घालतात, म्हणजे तो परत सरळ होतो. हिशोब जुळतो. गोल सुईवर आल्या की अंगात उलट ओळच नसते, टाके सरळच बसलेले असतात, आणि सवय मात्र मागच्या पायात सुई घालायची, म्हणून प्रत्येक टाका पिळला जातो. उपाय एकच, टाक्याचा जो पाय सुईच्या उजवीकडे आहे त्यात सुई घालायची, तो पुढे असो की मागे. रिबमध्ये तर हे दर दोन टाक्यांनी बघावं लागेल, पहिल्या दिवशी डोकं उठतं.

अख्खं अंग पिळलेलं असेल तर ते धुऊन सुटत नाही. घेर चालत असेल तर तसंच ठेवा, दिसायला वाईट नसतं. चालत नसेल तर उसवणं आलं.

उंची आणि टोक

पॅटर्न म्हणतो ४० फेरे विणा आणि मग टाके कमी करा. वर्स्टेडमध्ये १० सेमीत २६ फेरे बसले तर ४० म्हणजे साडेपंधरा सेमी. डीकेत ३० बसले तर सव्वातेरा, कान उघडे. बल्कीत २० बसले तर वीस सेमी, वर टोक जोडलं की पिशवी. फेरे मोजायचे ते त्याच लोकरीत. लोकर बदलली की सेमी मोजा. मोठ्या माणसाला बॉर्डर न दुमडता खालच्या कडेपासून १४-१५ सेमी झालं की टोक सुरू, दुमडायची असेल तर दुमडीची रुंदी त्यात मिळवा.

टोकाला मात्र लोकरीची जाडी फारशी नडत नाही. एक फेरा सोडून एक फेरा आठ टाके कमी करत गेलं तर ४ प्लाय असो नाहीतर सुपर बल्की, टोक ८-९ सेमीच्या आसपासच येतं, कारण जाड लोकरीत टाके कमी पण फेरे उंच. मग शंकू का होतो? कारण शेवटपर्यंत मध्ये साधा फेरा सोडत गेलात, कधीकधी दोन-दोन सोडलेत. टाके निम्मे झाले की साधे फेरे बंद करायचे आणि प्रत्येक फेऱ्यात कमी करायचे. आणि बटव्यासारख्या चुण्या पडल्या तर घाई झालीये, पहिल्यापासूनच प्रत्येक फेऱ्यात कमी केलेत.

इथे उसवावं लागलं तरी हळहळू नका, फक्त टोक उसवायचंय. जिथून टाके कमी करायला सुरुवात केली त्याच्या खालच्या फेऱ्यात आधी वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा प्रत्येक टाक्यातून ओवून घ्या, मग वरून उसवा, दोऱ्याशी येऊन थांबेल.

कात्री लागणारं काम: बॉर्डर कापून नवीन विणणं

आता अवघड. कड आवळलीये किंवा बॉर्डर कामातून गेलीये पण अंग आणि टोक छान आहे, तर अख्खी टोपी कशाला उसवायची. बॉर्डरच्या वर एक फेरा सोडून, अंगातल्या एकाच फेऱ्यातल्या प्रत्येक टाक्याचा उजवा पाय बारीक गोल सुईवर उचलून घ्या. टाके मोजा, अंगाइतकेच भरले पाहिजेत, एकही कमी नको, एक सुटला तर तोच वरपर्यंत पळतो. भरले? मग सुईच्या लगेच खालच्या फेऱ्यात, टोपीच्या मागच्या बाजूला, एक टाका कापा. हो, कापा. तिथून सुईच्या टोकाने धागा एकेक टाक्यातून काढत गोल फिरायचं, सरळ ओढून निघत नाही, पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि शेवटी जुनी बॉर्डर बांगडीसारखी सुटून हातात येते.

मग बारीक सुई घेऊन खालच्या दिशेने नवीन रिब विणा. अंग सैल असेल तर पहिल्या फेऱ्यात दहातला एक टाका कमी करा. अर्ध्या जुन्या रिबमधून खाली परत रिब सुरू करू नका, दिशा उलटी झाली की टाके अर्ध्या टाक्याने सरकतात आणि रेघा जुळत नाहीत, म्हणून पूर्ण रिब काढूनच टाकायची. टाके बंद करताना कड परत आवळू नये म्हणून दोन टाके मागून एकत्र सुलट विणा, आलेला टाका परत डाव्या सुईवर ठेवा, परत दोन एकत्र, असं शेवटपर्यंत. ही कड रिबइतकीच ताणते.

अख्खी उसवायचीच असेल तर

उसवलेली लोकर लगेच विणायला घेऊ नका. ती नूडलसारखी कुरळी असते, त्या लोकरीवर मोजलेले टाके धुतल्यावर खोटे ठरतात. खुर्चीच्या पाठीवर लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि टांगून वाळवा. सरळ झाली की मग नमुना, आणि तो नमुना टोपी जशी धुणार तसाच धुऊन, वाळवून मग मोजा.

कधी थांबायचं

वीण ताणल्यावर धागा बोटांनी सहज तुटत असेल, किंवा कसरीने एकापेक्षा जास्त ठिकाणी भोकं पाडली असतील, तर सुई घालू नका. प्रत्येक भोकातून टाके खाली पळतात आणि एक धरायला जाल तर दुसरा सुटतो. विणलेल्या कपड्यांची दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या. साधा रफूवाला बहुतेक विणलेल्या टोपीचं नाही, साध्या कापडाचं काम करतो, म्हणून आधी विचारा की टाक्यावर टाका घालून दुरुस्ती करता का, आणि केलेला एखादा नमुना बघा. देईपर्यंत सुटलेले टाके सेफ्टी पिनेत अडकवून ठेवा आणि कसरीची टोपी बाकीच्या कपड्यांपासून वेगळ्या पिशवीत बंद.

गेलेल्या माणसाने विणलेली टोपी असेल आणि ती लोकर आता मिळत नसेल, तर वरचं कात्रीचं काम त्या टोपीवर पहिल्यांदा करू नका. मी एकदा करायला घेतलं होतं, कात्री हातात धरून दहा मिनिटं बसले आणि शेवटी देऊन टाकली ती ज्याला येतं त्याला.

मोहेअर किंवा केसाळ लोकर उसवताना अडकली की ओढू नका. टोपी प्लास्टिकच्या पिशवीत घालून काही तास फ्रीजरमध्ये ठेवली की केस जरा सुटतात, तरी अडकत असेल तर सोडा नाद. मशीनवर विणलेल्या तयार टोप्यापण उसवायच्या नाहीत, त्या बऱ्याचदा कापून शिवलेल्या असतात, हाताला नुसते तुकडे लागतात.

आणि टाके घट्ट येतात म्हणून जोर लावून विणता-विणता अंगठा किंवा बोटं बधिर व्हायला लागली, रात्री मुंग्या येऊन जाग आली, तर माप-बिप राहू दे, सुया खाली ठेवा. आठवड्याभराच्या विश्रांतीने गेलं नाही तर डॉक्टरला दाखवा, सुई बदलून बघू म्हणत दोन महिने काढू नका, मी काढले होते आणि नंतर तीन महिने एक टाका विणता आला नाही.